तिरप्या विटांची रांग

सावळखुटीत अशी बातमी होती की पंजाबराव तायड्यांना रायखेडच्या रिठात सोन्याचा हंडा सापडला. बातमी सांगणाऱ्यागणिक हंडा फुगत गेला. एसटी थांब्यावर तुळशीरामचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक भट्टी आणि बारमाही ओला बाक. तिथे सकाळी हंडा एक होता. नऊची जळगाव जामोद गाडी सुटेपर्यंत त्याचे दोन रांजण झाले, आणि दुपारच्या भज्यांपर्यंत रांजणांची पोती. तुळशीराम सांगायचा पण असा, की झारा कढईवर एकदा आपटायचा, डोळे बारीक करायचा आणि आवाज इतका खाली न्यायचा की ऐकणाऱ्याला वाकावंच लागे. "बावीस पोते, भाऊ. मोजून बावीस. माह्या डोयानं पाह्यले. खाली टेकवलं की खण्ण! आता तुम्हीच बोला, माती वाजते का खण्ण?"

माती खण्ण वाजत नाही, हे खरं. पोती बावीस होती, हेही खरं. बाकी सगळी वाफ. त्या पोत्यांत खापरं होती, फुटक्या मडक्यांचे तुकडे. आणि ती पंजाबरावांनी चोरून नेली नव्हती. भर दिवसा, डोक्यावर पांढरी टोपी घालून, बायकोला, म्हणजे बेबीताईंना, पोत्याचं तोंड धरायला लावून त्यांनी ती नाल्यालगतच्या चिखलाच्या रस्त्यावर नेऊन ओतली होती. कारण साहेब येणार होते.

रिठ म्हणजे कधीकाळी वसलेलं आणि नंतर उठून गेलेलं गाव. आमच्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, अशी रिठं पुष्कळ. माणसं का गेली ते कोणालाच धड सांगता येत नाही. एक म्हातारा पटकी म्हणतो, दुसरा पेंढारी म्हणतो, तिसरा नुसताच हात हलवतो. सरकारी कागदात अशा गावाला 'बेचिराग' लिहितात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. रायखेडच्या बेचिराग शिवारातली अडीच एकर जमीन पंजाबरावांच्या वडिलांना, कडूबांना, भूमिहीन म्हणून पट्ट्यानं मिळाली. मिळाली म्हणजे काय, दुसऱ्या कोणाला नको होती. नांगर घातला की वीट, वखर घातला की खापर. कडूबांनी दोन हंगाम फाळ मोडून घेतले आणि मग जमीन सोडून दिली. तिच्यावर झाडं उगवली. पळस, धावडा, टेंभुर्णी, दोन मोह आणि वाटेल तिथे सीताफळ. पन्नास वर्षांत तिथे चांगलं दाट रान झालं.

पीक नाही आलं, पण सातबारा आला. तायड्यांच्या घरात मागच्या कितीही पिढ्या मोजा, जमिनीच्या कागदावर नाव असलेला पहिला माणूस कडूबा आणि दुसरा पंजाबराव. तो कागद पंजाबरावांनी जळगाव जामोदला नेऊन प्लास्टिकमध्ये पक्का करून आणला होता. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी तो टांगलेला असायचा. पाहुणा आला की आधी पाणी आणि मग सातबारा.

त्या रानावर तलाव येणार होता. नाल्याला भिंत घालून पाणी अडवायचं, नव्वद एकर पाण्याखाली. गावाला तलाव हवाच होता. तुळशीरामचं शेत तर भिंतीच्या ऐन खाली, त्याला आत्तापासून उसाची स्वप्नं पडत होती. नको होता तो एकट्या पंजाबरावांना, आणि त्यांनाही तसा तलाव नको नव्हताच. ते म्हणत, "पानी येऊ द्या ना. मी काऊन नाई म्हणू? फक्त माह्यं नाव बुडू नये." मोबदला मिळेल, असं कोणी समजावलं की ते भिंतीवरच्या कागदाकडे बघत आणि विषय तिथेच संपे.

अशात तलाठीभाऊ निरोप घेऊन आले. तलाठीभाऊंच्या गालात सुपारी कायमची मुक्कामाला, त्यामुळे त्यांच्या तोंडून 'प' कधी सुटा येत नाही, बरोबर फुंकर घेऊन येतो.

"फंजाबराव, सोमवारी फुरातत्त्ववाले येऊन राह्यले. तुमच्या रिठाची फाहणी हाय."

"कायची?"

"फाहणी हो, फाहणी! जमीन घ्यायच्या आधी फाह्यतात, तिथं काई जुनं-फुरानं हाय का. निंघालं तं तेवढी जागा सोडा लागते सरकारले."

पंजाबराव उभेच राहिले. "खरंच सोडतेत?"

"कायदाच हाय तसा. तळ्याची भिंत सरकवा लागन." तलाठीभाऊंनी बाजूला पिंक टाकली. "फन निंघालं फाहिजे ना."

निघालं पाहिजे, ही गोष्ट पंजाबरावांनी ऐकली. पण त्याच्याही आधी त्यांनी ऐकला तो एकच शब्द, पाहणी. आणि हा शब्द कानावर पडल्यावर पंजाबरावांचे हात ज्या कामाला लागतात, त्या कामाला लागले.

याचं कारण असं की पंजाबराव एकतीस वर्षं हायस्कुलात शिपाई होते. त्यांनी पाहिलेले साहेब कोणी मोजावेत? विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, आणि एकदा तर खुद्द जिल्ह्याचे मोठे साहेब. पाहणी म्हटली की पंजाबरावांचा क्रम ठरलेला. आधी मैदान झाडायचं. मग खडे वेचायचे. मग रस्त्यात खड्डा असेल तर बुजवायचा, साहेबांची गाडी आपटता कामा नये. मग वाटेच्या दोन्ही बाजूंना विटा तिरप्या रोवायच्या, एक टोक वर, करवतीच्या दातांसारख्या. एका विटेला गेरू, पुढचीला चुना, तिच्या पुढचीला पुन्हा गेरू. पाहणी संपली की साहेब शेरेबुकात पानभर लिहीत. मुलं वाचनात कच्ची, गणितात कच्ची, फळा फुटका. आणि शेवटी न चुकता, 'परिसर स्वच्छ'. पानभर शेरे हेडमास्तरांचे असत. हे दोन शब्द पंजाबरावांचे. निवृत्त झाले त्या दिवशी हेडमास्तर भाषणात बोलले होते, की आमच्या शाळेला एवढा एकच चांगला शेरा मिळत आला. पंजाबराव ते वाक्य अजून तसंच्या तसं, हेडमास्तरांच्या खोकल्यासकट, मनात म्हणत असत.

तर निरोप आला मंगळवारी, आणि बुधवारी सकाळी पंजाबराव खराटा, घमेलं, टिकाव आणि बेबीताई एवढं सगळं घेऊन रिठात दाखल झाले. फाल्गुन होता. पळस फुलून लाल झालेला, बाकी झाडांची पानं खाली. पानं लोटायला घेतली तशी खालून खापरं वर आली. काळी, तांबडी, काही नुसती, काहींच्या काठाला नखानं काढल्यासारख्या रेघा. पंजाबराव ती वेचून घमेल्यात टाकत होते.

बेबीताईंनी कंबरेला पदर खोचला आणि विचारलं, "अवो, थे जुनं पाह्याले येऊन राह्यले ना? मंग तुम्ही झाडून काऊन राह्यले?"

"जुनं खाली असते. जमिनीत. थे मशीन आनतीन. वर हा कचरा असला तं मशीनले दिसन का?"

"मी बी जुनीच हाओ. मले बी टाका झाडून."

"तुले कोन झाडते बाप्पा? तूच साऱ्या गावाले झाडते."

पाच दिवस ही दोघं झाडत होती. अडीच एकर रान, झाडाच्या बुंध्यापासून बुंध्यापर्यंत. बेबीताई खापराचा एखादा तुकडा उचलून म्हणत, "हे पाहा, हे कान हाय मडक्याचं." पंजाबराव म्हणत, "टाक." त्यांना खापरात काही दिसायचं कारणच नव्हतं. लहानपणापासून त्यांच्या पायात ती रुतली होती, वडिलांचे फाळ त्या खापरांनीच मोडले होते. आयुष्यभर ज्याला कचरा म्हटलं, ते साहेबांसमोर कसं पडू द्यायचं? बावीस पोती भरली. नाल्याच्या उतारावर बारा महिने पाझर असतो, तिथे गाडी हमखास फसते. सगळी पोती तिथे रिकामी झाली आणि पंजाबरावांनी धुम्मस घेऊन ती ठोकून बसवली. झकास रस्ता झाला.

मग विटा. रिठातल्या विटा अशा की एकेक वीट कोपरापासून बोटांपर्यंत लांब आणि उचलायला दोन हात. रानभर विखुरलेल्या, कुठे मुळाखाली अर्धी दबलेली, कुठे तीन-चार एका रांगेत. पंजाबरावांनी टिकावानं त्या सोडवल्या, गोळा केल्या आणि रस्त्यापासून मोठ्या मोहापर्यंत पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तिरप्या रोवल्या. एक गेरू, एक चुना. रविवारी दिवेलागणीला ते मोहाखाली उभे राहिले, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता येऊ दे कोनाले बी."

सोमवारी जीप आली. नाल्याच्या उतारावरून सुळकन चढून आली. तिच्यातून उतरल्या हिमानी मॅडम, पुण्याच्या, असतील तिशीच्या. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात ओढणी, बोलणं शाळेच्या पुस्तकातल्यासारखं, शब्द इस्त्री केलेले. त्यांच्यासोबत देवेश नावाचा तरुण, हातात टॅब, त्याची प्रत्येक गोष्ट 'मॅम'नं सुरू व्हायची.

"जय भीम, मॅडम. या. सुस्वागतम."

"नमस्कार काका! अहो, किती सुरेख ठेवलंय हो तुम्ही सगळं! आम्हाला वाटलं होतं काट्याकुट्यांतून..." आणि मॅडम थांबल्या. त्यांची नजर पायवाटेच्या कडेला गेली होती. "एक मिनिट हं."

त्या वाकल्या. चुन्याच्या विटेवर तळहात ठेवला. मग गेरूच्या. मग टेप काढून लांबी मोजली, रुंदी मोजली, जाडी मोजली.

"काका, या विटा कुठून आणल्यात?"

"इथल्याच हायेत ना मॅडम. लय पडेल होत्या. साऱ्या गोळा केल्या."

"म्हणजे... सगळ्या?"

"एक बी ठेवली नाई," पंजाबराव म्हणाले. त्यांच्या छातीत आनंद मावत नव्हता. आजवर कोणत्याही साहेबानं त्यांच्या विटांवर हात ठेवला नव्हता. "चुलीले बसत नाईत या. लोकं फोडून नेतात. लय मोठ्या."

"मोठ्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "खूप जुन्या आहेत, म्हणून मोठ्या आहेत. दीड-दोन हजार वर्षांच्या असू शकतात."

देवेश रांगेच्या टोकापर्यंत जाऊन आला. "मॅम, वन फोर्टीन. एकशे चौदा."

"लोकेशन?"

"लोकेशन..." देवेशनं पायवाटेकडे पाहिलं. "सरळ लाईन, मॅम. दोन लाईनी."

मॅडम उठल्या. आवाजातली इस्त्री जरा चुरगळली होती. "काका, आणि खापरं? मातीच्या भांड्यांचे तुकडे? इतक्या विटा म्हणजे खापरं असायलाच हवीत."

"होते ना! लय कचरा होता मॅडम. बावीस पोते काहाडला. तुमची गाडी फसू नाई म्हून नाल्याच्या रस्त्यात टाकला अन् ठोकला. कशी आली मंग गाडी? धक्का बसला का?"

मॅडम मागे वळून रस्त्याकडे बघत राहिल्या. जीप ज्या रस्त्यानं आली होती, त्या रस्त्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही बसला, काका."

पंजाबराव हसले. मग त्यांना त्या चेहऱ्यात काहीतरी दिसलं. एकतीस वर्षांत साहेबांचे सगळे चेहरे त्यांनी बघितले होते. रागावलेला, भुकेला, कंटाळलेला, घाईतला. हा त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"चुकलं का काई?"

मॅडमनी त्यांना मोहाखाली बसवून समजावून सांगितलं. मशीन वगैरे काही नसतं. माणसं दहा-दहा पावलांच्या अंतरानं एका रेषेत चालतात आणि जमिनीवर काय पडलंय ते बघतात. जे दिसेल तिथे एक छोटी झेंडी खोवतात. झेंड्या कुठे दाट, कुठे विरळ, यावरून कळतं की खाली घरं होती, भट्टी होती, की काय होतं. खापर कुठे पडलंय, हीच त्याची साक्ष. हललं की साक्ष संपली. मग ती वीट इथलीच, की कोणी ट्रॅक्टरनं आणून टाकलेली, कसं सांगणार?

पंजाबराव सगळं ऐकून घेत होते. बेबीताई मात्र मधेच उभ्या राहिल्या, दोन पावलं चालल्या, पुन्हा बसल्या.

तो दिवसभर मॅडम आणि देवेश रेषा धरून रानात चालले. झेंड्यांचा गठ्ठा देवेशच्या हातात सकाळी होता तेवढाच संध्याकाळी होता. रान असं लख्ख, की जमिनीवर मुंगी चालली तर दिसावी. "मॅम, निल," देवेश म्हणायचा. थोड्या वेळानं पुन्हा, "मॅम, निल."

जीप उतारावरून खाली गेली तसे पंजाबराव उठले आणि त्यांनी पहिली वीट उपटली.

"आता काय करून राह्यले?" बेबीताईंनी विचारलं.

"जिथची तिथं ठेवतो. दोन घंटे उजेड हाय अजून."

"ध्यानात हाय तुमच्या?"

"एकतीस वर्स परीक्षेचे बाक हलवले मी. कोनता बाक कोन्या वर्गाचा, हेडमास्तरले मालूम नसे, मले मालूम असे." त्यांनी वीट उचलून खांद्याशी धरली. "हे टेंभुर्णीची. पालथी होती."

आणि खरोखर त्यांच्या ध्यानात होतं. ही धावड्याच्या मागची, हिचा फुटका कोपरा उगवतीकडे. ही मोहाच्या मुळात, अर्धी. या तीन एकाला एक लागून, मधे बोटभर फट. बेबीताई विचारत, "अन् हे?" आणि पंजाबराव क्षणभर डोळे मिटून सांगत. पुढल्या सकाळी जीप येईपर्यंत एकशे चौदापैकी एकशे नऊ विटा जागेवर गेल्या होत्या. पाच आठवल्या नाहीत. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, खोटं नको म्हणून. सगळ्या रानात झाडांच्या तळाशी लाल-पांढऱ्या विटा. जसं काही रानाचं स्नेहसंमेलन होतं.

मॅडम जीपमधून उतरल्या, पाहिलं, आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं वळल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज पुन्हा नीट केलेला.

"काका, असं नसतं हो."

"बरोबर हायेत मॅडम. एक इंच इकडं-तिकडं नाई. साक्षीदार पाहिजे म्हणाल्या ना तुम्ही? मी हाओ ना साक्षीदार. जल्मापासून या रानात हाओ. विचारा कोन्ती बी."

"मला पटतंय तुमचं. शपथ, पटतंय. पण अहवालात..."

"मॅम, त्याला कॉलम नाहीये," देवेश म्हणाला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. तो मदतच करत होता.

बेबीताई पुढे आल्या. "मंग खनून पाहा ना, बाई. वरचं यायनं झाडलं. खालचं तं कोनं नाई झाडलं?"

"खणायची परवानगी नाहीये आम्हाला, ताई. फक्त वरवरची पाहणी. पण मी मागते. एक चाचणी खड्डा तरी घेऊ द्या असं लिहिते. खाली भिंत लागली तर कोणीच नाही म्हणू शकणार नाही."

"कवा येसान?" पंजाबरावांनी विचारलं. "पोळ्याच्या आत?"

"हो, मी... नक्की परत येते, काका."

जीप गेली. खापरं चिरडत गेली, दुसरा रस्ताच नव्हता.

आता इथे मला मधे यावं लागतं, कारण पुढची पैज माझ्याशी लागली. मी धम्मशीला, त्यांच्या शेजारची, बारावीची. दोन्ही दिवस मी रिठाच्या कडेला शेळ्या घेऊन होते आणि सगळं ऐकलं होतं. मला लोकांचे आवाज काढायची खोड आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ओसरीत बेबीताईंचा चेहरा बघवेना, म्हणून मी सगळी वरात काढली. तलाठीभाऊंची फाहणी, देवेशची "मॅम, निल", तुळशीरामचा झारा. बेबीताई हसून हसून भिंतीला टेकल्या. मग मी मॅडम काढल्या, मान जराशी तिरपी, ओढणी नसताना ओढणी सारखी करत: "हो, मी... नक्की परत येते, काका."

पंजाबराव हसले नाहीत. "पुन्हा म्हण."

मी म्हटलं.

"अजून एक डाव."

मी म्हटलं, आणखी झोकात.

"नाई येत थे," पंजाबराव म्हणाले.

"काऊन? मॅडम चांगल्या होत्या, बाबा. रडल्या त्या."

"चांगली हाय म्हून तं. तूच सांगून राह्यली ना. तुह्याच तोंडून आयकलं मी आत्ता. 'मी' म्हणून थांबली थे. मंग 'नक्की' म्हणली. एकतीस वर्स साहेबलोकायचा चहा नेला मी, पोरी. जो नुसता 'पाहू' म्हणते, तो एखाद्या टायमाले येते. जो थांबून 'नक्की' म्हणते, तो येत नाई. त्याले तवाच मालूम असते. आपल्याले वाईट वाटू नाई म्हून म्हणते बिचारा."

मला राग आला. माझीच नक्कल माझ्यावर उलटवली होती त्यांनी. मी म्हटलं, "येतात. पोळ्याच्या आत येतात. लावा पैज."

पैज अशी ठरली. मॅडम आल्या, तर पंजाबराव हेडमास्तरांची नक्कल करणार, खोकल्यासकट, ओसरीत, सगळ्यांसमोर. ती त्यांना येते हे बेबीताईंनीच मला सांगितलं होतं, आणि ते कधी कबूल करत नसत. "अन् मी हरले तर?" मी विचारलं.

"मॅडम येनार नाई, कागद येईन. मानूस येत नसला की कागद येते. थो कागद तू मले वाचून दाखवजो. तुह्या सोताच्या आवाजात. कोनाचा आवाज काहाडाचा नाई."

मी लगेच हात पुढे केला. इतकी सोपी शिक्षा कोणी सांगत नाही.

मॅडमचा फोन महिनाभर लागत होता. "मी पाठवलंय काका, वरून उत्तर आलं की कळवते हं." मग तो उचलला जाईना. मग नंबरच बदलला की काय, बाई बोलायची पण ती मशीनची. इकडे तुळशीरामचा हंडा भज्यांबरोबर तळून निघत होता, आणि आठवड्याभरात रिठात खड्डे दिसू लागले. सकाळी जावं तर मोहाच्या मुळाशी एक, टेंभुर्णीखाली दोन. सतरा मोजले आम्ही. कोणाच्या तरी पहारेनं खालच्या खापरांचा चुरा होऊन वर आलेला, विटांचे तुकडे, एका खड्ड्यात तर सरळ बांधलेली भिंतच दिसत होती, हातभर, आणि तीही मधून फोडलेली. पंजाबराव तिच्याकडे बघत काठावर बसून राहिले. या वेळी त्यांनी कशालाही हात लावला नाही. तलाठीभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "फोटो फाठवतो वर." पाठवला असेलही.

वैशाख गेला, मृग गेला. पंजाबराव रोज सकाळी रानात जाऊन बसत आणि दुपारी परत येत. पोळा आला. बैल सजले, वाजंत्री झाली, दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर झाली. मी बसथांब्याकडे जरा जास्तच फेऱ्या मारल्या, पण जळगाव जामोदच्या गाडीतून उतरणाऱ्यांत मोठी टोपी नव्हती.

कागद त्यानंतर नवव्या दिवशी आला. कोतवाल देऊन गेला, सही घेऊन. पंजाबरावांना वाचता येतं, चांगलं येतं, पण त्यांनी पाकीट उघडलंच नाही. माझ्या हाती दिलं आणि खाटेवर नीट बसले, टोपी घालून.

मी उघडलं. वर जावक क्रमांक, खाली 'प्रत माहितीस्तव'. पहिल्याच ओळीत माझ्या जिभेवर तलाठीभाऊ येऊन बसले. 'पुरातत्त्वीय' हा शब्द त्यांच्यासाठीच केलेला असावा असा होता. मी त्यांना गिळलं. मग मॅडम आल्या, त्यांनाही गिळलं. राहिला माझा आवाज, तो बारीक निघाला.

"मौजे रायखेड, बेचिराग, येथील नियोजित तलावाच्या संपादन क्षेत्राची पृष्ठभागीय पाहणी करण्यात आली. सदर क्षेत्रात पुरातत्त्वीय अवशेष, निरंक. परिसर अलीकडील खोदकामामुळे विस्कळीत झाला असल्याने पुनर्पाहणीची आवश्यकता नाही. संपादनाची पुढील कार्यवाही करण्यास हरकत नाही."

खाली सही हिमानी मॅडमची नव्हती. दुसऱ्याच कोणाची होती, वाचता न येणारी.

"पुन्हा वाच," पंजाबराव म्हणाले. "सावकाश. परीक्षा थोडीच हाय."

मी पुन्हा वाचलं. बेबीताई दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्यांना 'निरंक' कळला नव्हता. "काय लिहिलं हाय?" त्यांनी विचारलं.

"काईच नाई," पंजाबराव म्हणाले. त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, होता तसा घडी घातला आणि खिशात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हरली तू."

मी म्हटलं, "हाव."